उपवासकाळाचे पहिले चार दिवस

राखेच्या बुधवारी मिस्सेत मत्तयच्या सहाव्या अध्यायातले शुभवर्तमान वाचतात. उपास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, चेहरा ओढून फिरू नका, तुमचा उपास लोकांना कळू देऊ नका, असे येशू त्यात बजावतो. वाचन होते, प्रवचन होते, आणि लगेच सगळी मंडळी रांगेने पुढे जाऊन कपाळावर राखेचा क्रूस काढून घेतात. वसईत हेच, गोव्यात हेच, वांद्र्यालाही हेच. तोंड धुवायला सांगणारे वचन आणि तोंडाला राख लावणारा विधी एकाच तासात शेजारी शेजारी येतात. तिथून माणसे कामाला जातात, लोकलमध्ये उभी राहतात, आणि शेजारचा विचारतो, कपाळाला काय लागलंय?

हा विरोध चर्चच्या लक्षात आला नसेल हे शक्य नाही. तो तसाच ठेवला आहे, आणि ठेवला ते बरे झाले, कारण स्वतःला प्रामाणिकपणे तपासण्यातली सगळी अडचण त्यात आहे. माझा पश्चात्ताप लोकांना दिसला की त्याचे प्रदर्शन व्हायला वेळ लागत नाही. कुणालाच दिसला नाही तर तो खरा की खोटा हे ठरवायला माझ्याखेरीज कुणी उरत नाही. या खटल्यात आरोपी मी, वकील मी आणि न्यायाधीशही मीच. आरोपी बहुधा निर्दोष सुटतो. कधी कधी उलट होते, आणि ते जास्त फसवे असते: त्याला इतकी भयंकर शिक्षा सुनावली जाते की ती भोगण्याची वेळच येत नाही. ‘मी फार पापी आहे’ असे म्हणायला काही लागत नाही. ‘मंगळवारी दुपारी मी अमक्याशी खोटे बोललो’ असे म्हणताना मात्र जीभ अडखळते.

राख कशाची असते हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवे. आदल्या वर्षी झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या लोक घरी नेतात, त्यांचे क्रूस विणतात, देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवतात. वर्षभरात त्या वाळून कोळ होतात. उपवासकाळ जवळ आला की त्या परत चर्चमध्ये आणून जाळतात. येरुशलेमेत येशूचा जयजयकार ज्या फांद्यांनी झाला त्यांची आठवण म्हणून हाती धरलेल्या या झावळ्या. म्हणजे कपाळावर येते ती आमच्या पापांची राख नव्हे, आमच्या जयजयकाराची आहे. आत्मपरीक्षणाला बसलेला माणूस आपल्या चुका शोधू लागतो. आपली भक्तीही तपासायला हवी, हे त्याच्या सहसा मनात येत नाही.

राख लावताना फादर दोनपैकी एक वाक्य म्हणतात. जुने वाक्य उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायातले: तू माती आहेस आणि मातीतच परत जाशील, या अर्थाचे. 1970 च्या मिस्सा-ग्रंथापासून दुसरे एक वाक्यही वापरता येते. त्यात पश्चात्ताप करून शुभवर्तमानावर विश्वास ठेवायला सांगितले आहे. अलीकडे पुष्कळ फादर हे दुसरे वाक्य पसंत करतात; ते आशेचे आहे, म्हणून असेल. मला स्वतःला जुनेच हवेसे वाटते. दुसऱ्या वाक्याला मी ‘हो’ म्हणू शकतो, किंवा ‘पाहू’ म्हणू शकतो. पहिल्याशी वादच घालता येत नाही. मी मरणार आहे या गोष्टीत माझी स्तुतीही नाही आणि निंदाही नाही. स्वतःविषयी बोलायला सुरुवात करायची तर इथून करावी, कारण एवढ्या एकाच बाबतीत मी स्वतःला फसवू शकत नाही. तान्ह्या बाळाच्या कपाळाला राख लावतात तेव्हा त्या बाळाने पाप केलेले नसते. तरी वाक्य त्याला लागू असते.

एके काळी ही राख सगळ्यांसाठी नव्हतीच. ज्यांची पापे मोठी आणि गावाला माहीत होती, अशांना उपवासकाळाच्या आरंभी गोणपाट नेसवून, अंगावर राख टाकून चर्चबाहेर काढत. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी त्यांना परत आत घेत. पुढे हा उघड प्रायश्चित्ताचा प्रघात क्षीण होत गेला, राख मात्र राहिली आणि पसरली. 1091 साली बेनेव्हेंतोच्या धर्मसभेत पोप अर्बन दुसरे यांच्या काळात, सर्वांनीच, धर्मगुरूंनीही आणि प्रपंचातल्या लोकांनीही, या दिवशी राख घ्यावी असे ठरले. या बदलाकडे इतिहासाची पुस्तके विधीतला एक फेरफार म्हणून पाहतात. मला तो ख्रिस्ती इतिहासातला फार मोठा क्षण वाटतो. ज्यांना दाराबाहेर उभे केले जात होते त्यांच्या रांगेत सगळे गाव जाऊन उभे राहिले.

बुधवारही मुळात नव्हता. इ.स. 325 च्या निकेया धर्मसभेच्या नियमांत चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख येतो, पण ते चाळीस कसे मोजायचे याच्या पद्धती निरनिराळ्या होत्या. सहाव्या शतकाच्या अखेरीस थोरले ग्रेगरी पोप होते, तेव्हा रोममध्ये सहा आठवडे धरत. रविवारी उपास नसतो, म्हणून उपासाचे दिवस छत्तीस. ग्रेगरी म्हणत की वर्षाचा हा दशांश आहे, देवाला द्यायचा. त्यांच्यानंतर कुणाला तरी वाटले की येशूने वाळवंटात चाळीस दिवस काढले तर आपलेही चाळीसच भरले पाहिजेत, आणि पहिल्या रविवारच्या आधी बुधवार ते शनिवार असे चार दिवस जोडले गेले. मिलानच्या चर्चने ते कधीच स्वीकारले नाहीत. तिथल्या अँब्रोसीय परंपरेत उपवासकाळ आजही रविवारीच सुरू होतो. संख्या पुरी करण्यासाठी जोडलेले हे चार दिवस मला आता उंबरठ्यासारखे महत्त्वाचे वाटतात, आणि त्यांतल्या शुक्रवारकडे मला जायचे आहे. पण वाट मिलानवरूनच जाते.

इ.स. 387 च्या उपवासकाळात मिलानमध्ये बत्तीस वर्षांचा एक माणूस बाप्तिस्म्यासाठी नाव देऊन तयारी करत होता. वक्तृत्वशास्त्राचे अध्यापन त्याने नुकतेच सोडले होते. सोबत पंधराच्या आसपासचा मुलगा अदेओदातुस आणि जिवलग मित्र अलिपियुस. हा अलिपियुस शरीर ताब्यात ठेवण्यासाठी इटलीच्या गोठलेल्या जमिनीवर अनवाणी चालत असे. त्या माणसाने, म्हणजे ऑगस्टिनने, बिशप अँब्रोस यांना विचारले होते की तयारीसाठी काय वाचू? त्यांनी सांगितले, यशया वाच. ऑगस्टिनने ग्रंथ उघडला, पहिला भाग काही केल्या समजेना, सगळाच असा असेल असे वाटून त्याने तो बाजूला ठेवला. देवाच्या भाषेची सवय झाली की मग पाहू म्हणाला. हे त्यानेच ‘कन्फेशन्स’मध्ये लिहून ठेवले आहे. त्या वर्षीच्या ईस्टरच्या रात्री अँब्रोस यांच्या हातून तिघांचा बाप्तिस्मा झाला. मुलगा पुढे लवकरच वारला.

‘कन्फेशन्स’ म्हटले की लोकांना तारुण्यातल्या चुका आठवतात, शेजारच्या बागेतली चोरलेली नाशपाती आठवतात. पण आत्मपरीक्षणाच्या दृष्टीने या ग्रंथाचा गाभा दहाव्या भागात आहे. हे लिहिताना बाप्तिस्म्याला दहा-एक वर्षे उलटून गेलेली आहेत. आजच्या अल्जीरियातल्या हिप्पोचा तो बिशप आहे. भूतकाळ सांगून झाल्यावर त्याने तिथेच थांबायला कुणाची हरकत नव्हती. जुन्या पापांची कबुली देणाऱ्याला लोक मान देतात. त्या पापांशी त्याचा आता संबंध उरलेला नसतो. ऑगस्टिन मात्र पुढे जातो आणि विचारतो, आज या क्षणी मी कोण आहे? बिशपपदावर बसलेल्या माणसाने आपल्या लोकांपुढे हा प्रश्न मांडणे तेव्हा सोपे नव्हते, आजही नाही.

आणि उत्तरे किती बारीक! जेवणाबद्दल तो म्हणतो की भूक हा रोग आणि अन्न हे औषध असे मी मानतो, पण भुकेकडून तृप्तीकडे जाताना मध्ये सुखाचा सापळा असतोच. आणि हे व्यसन एकदाचे तोडून टाकता येत नाही, कारण रोज जेवायचे आहे. चर्चमधल्या गायनाने त्याचे डोळे भरून येत, पण गायल्या जाणाऱ्या अर्थापेक्षा आवाजानेच मन हलले तर तो ते पाप समजे. घरात बसला असताना पाल माशी पकडते किंवा कोळी जाळ्यात किडा गुंडाळतो, ते पाहण्यात मन रमून जाते. तेही त्याने लिहिले आहे. आज हे वाचणाऱ्याला ही माणसे स्वतःवर फार कठोर होती असे वाटेल. मला त्यात कठोरपणापेक्षा अचूकपणा दिसतो. तो ‘माझे चित्त चंचल आहे’ असे मोघम म्हणत नाही. पाल दिसली, असे सांगतो.

मग स्तुतीचा प्रश्न येतो, आणि इथे तो अडतो. पैशाची आसक्ती आहे की नाही हे पाहायचे तर पैसा देऊन टाकावा आणि मनाला काय होते ते बघावे. पण लोकांच्या कौतुकाची आसक्ती कशी तपासणार? कौतुक थांबावे म्हणून वाईट वागायचे? ते तर वेडेपणाचे. मानाची मला पर्वा नाही असे म्हणणाराच कित्येकदा त्या बेपर्वाईचा अभिमान वाहतो, हेही त्याला ठाऊक आहे. शेवटी तो कबूल करतो की या बाबतीत मला स्वतःचा ठाव लागत नाही. मत्तयच्या शुभवर्तमानातली धुतलेल्या तोंडाची अडचण ती हीच. आतल्या आत कितीही खोल उतरले तरी एक जागा अशी येते की पुढे आपला दिवा पोचत नाही.

ऑगस्टिनला यातून जो मार्ग दिसला तो त्याच्या लिहिण्याच्या पद्धतीत आहे. सबंध ‘कन्फेशन्स’ देवाला उद्देशून, द्वितीय पुरुषात लिहिलेले आहे. तो स्वतःशी बोलत नाही, तुझ्याशी बोलतो. मराठी वाचकाला याचे नवल वाटू नये. तुकोबांच्या गाथेत स्वतःला दोष देणारे, स्वतःची लाज काढणारे कितीतरी अभंग आहेत. विटेवरच्या विठोबाच्या तोंडावर ते म्हटलेले आहेत. कुणीतरी ऐकतो आहे या खात्रीने माणूस बोलतो तेव्हा बोलणे आपोआप नेमके होते. ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. उपवासकाळात तो पूल मला उलट्या दिशेनेही चालून पाहावासा वाटतो.

हे साधुसंतांना जमले. रोजच्या प्रपंचात कसे जमावे? संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठांसाठी जी नियमावली लिहिली तिच्यात उपवासकाळावर एक छोटे प्रकरण आहे, एकोणपन्नासावे. संन्याशाचे सारे आयुष्यच उपवासकाळासारखे असावे, पण तेवढे बळ थोड्यांत असते, म्हणून निदान या दिवसांत इतर वेळची हयगय धुऊन काढा, असे तो समजूतदारपणे सांगतो. खाण्यात, पिण्यात, झोपेत, गप्पांत ज्याने त्याने आपल्या मनाने काहीतरी कमी करावे. मात्र काय कमी करणार ते आधी मठाधिपतीला सांगावे आणि त्याच्या संमतीने करावे. न सांगता केले तर ते पुण्यात न जाता अहंकारात जमा होईल. आणि आधीच्या प्रकरणात म्हटले आहे की प्रत्येकाला उपवासकाळाच्या आरंभी ग्रंथालयातून एक पुस्तक द्यावे, ते त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने वाचावे. गाळत गाळत वाचण्याची आपली सवय बेनेडिक्टलाही माहीत होती तर! त्याच्या नियमात मला एक शहाणपण दिसते: नेम कुणा एकाला ठाऊक असला की तो लपूनही राहत नाही आणि मिरवलाही जात नाही. पापनिवेदनाच्या खुर्चीतही हेच घडते. एक माणूस ऐकतो, आणि कुणाला सांगू शकत नाही.

इग्नेशियस लोयोलाने आणखी पुढची पायरी घडवली. 1548 साली पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या ‘आध्यात्मिक साधना’त रोजच्या आत्मपरीक्षणाचे पाच टप्पे आहेत. पहिला टप्पा आभाराचा. चुका आठवण्याआधी आज काय काय मिळाले ते आठवून देवाचे आभार मानायचे. दुसऱ्यात आपली पापे ओळखण्याची कृपा मागायची, म्हणजे तीही मागावी लागते. मग तास तास करून दिवस पाहायचा, क्षमा मागायची, उद्याचे ठरवायचे. एखादा विशिष्ट दोष घालवायचा असेल तर कागदावर रेघा ओढून, चुकले की टिंब द्यायचे. ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्या रचणारे फादर स्टीफन्स इग्नेशियसच्याच येशूसंघातले, गोव्यातल्या साष्टीच्या गावांत राबताना त्या शिस्तीप्रमाणे हे परीक्षण त्यांच्याही रोजच्या क्रमात होते. त्यातली आभाराची पायरी मला सर्वांत मोलाची वाटते. मिळालेल्या गोष्टी आठवू लागले की त्या कुणाकडून मिळाल्या ते आठवते. भाकरी कुणी भाजली, गाडी कुणी चालवली, घर कुणी झाडले. माझ्या दिवसात किती माणसे आहेत ते कळते, आणि त्यांतल्या कुणाचे मी काय देणे लागतो तेही.

खाण्यापिण्याचा मुद्दा लवकर आटोपतो. चर्चचा आजचा नियम सौम्य आहे: राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे एवढे दोनच सक्तीचे उपास, त्या दिवशी आणि शुक्रवारी मांस नाही. समुद्रकाठच्या माणसाने मटण सोडून सुरमई खाल्ली तर नियम मोडत नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे वेगळे समजावायला नको. ऑगस्टिनच्या उपवासकाळातल्या प्रवचनांतही हेच आहे. मांस टाकून त्याहून महागडी पक्वान्ने शोधणारे, द्राक्षारस सोडून इतर फळांचे उंची रस पिणारे त्याच्या हिप्पोत होते. सुखे बदलू नका, आवरा, असे तो त्यांना कळकळीने विनवतो. उपासामुळे जे वाचेल ते भुकेल्याला द्या, नाहीतर तो उपास नसून काटकसर होईल, असा त्याचा रोख असतो.

गुरुवारचे वाचन बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायातले, जीवन आणि मरण यांतून जीवन निवडा असे सांगणारे. आणि मग येतो शुक्रवार. त्या दिवशी यशयाचा अठ्ठावन्नावा अध्याय वाचतात, ज्या ग्रंथापुढे ऑगस्टिनने एकदा हात टेकले होते. लोक तक्रार करतात की आम्ही उपास केला, तरी देवाने पाहिले का नाही? देवाचे उत्तर संदेष्टा ऐकवतो: उपासाच्याच दिवशी तुम्ही आपला धंदा साधता आणि आपल्या मजुरांना पिळता. मला हवा तो उपास म्हणजे जुलमाचे जू मोडणे, भुकेल्याला आपल्यातले अन्न देणे, निराश्रिताला घरात घेणे, आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसांना तोंड न चुकवणे.

बुधवारपासून चाललेल्या प्रश्नाला इथे वेगळेच वळण मिळते. मी प्रामाणिक आहे की नाही याची साक्ष यशया माझ्या मनाला विचारतच नाही, माझ्या मजुराला विचारतो. वाडीत भाजी काढायला येणाऱ्या आदिवासी बाईला मजुरी कधी मिळाली, किती मिळाली, पावसात काम बंद पडले त्या दिवसाचे काय झाले. धुणीभांडी करणारी बाई आजारी पडली तेव्हा तिचा पगार कापला का. वॉचमनला रात्री पाणी विचारले का. भावाशी जमिनीच्या बांधावरून चाललेला अबोला किती वर्षांचा आहे. या प्रश्नांची उत्तरे माझ्या अंतःकरणाच्या तळाशी नाहीत, ती त्या माणसांना तोंडपाठ आहेत. ऑगस्टिनचा दिवा जिथे पोचत नव्हता तिथली पुष्कळशी जागा त्यांना उजेडात दिसते.

ऑगस्टिनशी माझे पटत नाही ते याच ठिकाणी. भांडणे मिटवण्यावरच्या त्याच्या एका उपवासकाळी प्रवचनात तो श्रोत्यांना एकमेकांची क्षमा मागायला लावतो. मग मालकाने गुलामाचा अपराध केला असेल तर काय, हा प्रश्न तो स्वतःच काढतो, आणि म्हणतो की उघड क्षमा मागितली तर खालचा माणूस शेफारेल. मालकाने देवापुढे पश्चात्ताप करावा आणि गुलामाशी गोडीने बोलावे, ते गोड बोलणे म्हणजेच क्षमायाचना. पालीकडे पाहिले म्हणून अस्वस्थ होणारा हा महापुरुष इथे मालकांच्या सोयीचे बोलला. त्याच्या काळाची मर्यादा, असे म्हणून ते सोडता येईल. पण हीच सूट आपण आजही घेतो. मोलकरणीला ओरडल्यावर दुसऱ्या दिवशी जरा प्रेमाने चहा देणे, दिवाळीला साडी देणे. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द तेवढे राहून जातात.

पूर्वेकडच्या चर्चने इथे अधिक धैर्य दाखवले. ऑर्थोडॉक्स परंपरेत महाउपवासाच्या आदल्या रविवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर फादर आधी लोकांपुढे वाकून क्षमा मागतात, मग प्रत्येक जण प्रत्येकापुढे वाकतो: नवरा बायकोपुढे, आई लेकरापुढे, एकमेकांचे नावही माहीत नसलेले दोघे एकमेकांपुढे. केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांत महाउपवासाच्या पहिल्या सोमवारी ‘शुबकोनो’ हा समेटाचा विधी होतो. संवत्सरीच्या दिवशी जैन शेजारी दारात येऊन ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात तेव्हाही तीच भूमी असते. पूर्वेकडच्या त्या ख्रिस्ती लोकांचा उपास माणसांपासून सुरू होतो, ताटापासून नंतर.

आपल्या धर्मग्रामांत हे का होऊ नये? राखेच्या बुधवारच्या आदल्या रविवारी संध्याकाळी मंडळी जमावीत, फादरांनी पहिले वाकावे, आणि ज्यांच्या हातून आपली घरे आणि वाड्या चालतात त्या माणसांनाही, ती कुठल्याही धर्माची असोत, त्या दिवशी सन्मानाने बोलवावे. आली तर त्यांच्यापुढेही वाकावे. नाही आली तर सोमवारी त्यांच्या दारी जावे, आणि कुणाची मजुरी थकली असेल तर ती बरोबर न्यावी.